बिनकाट्याची घायपात

पुण्यात सारे आयुष्य काढूनही एकदासुद्धा कोणाला टोचून न बोललेला माणूस या शहरात एकच आहे, आणि दुर्दैवाने ते माझे व्याही आहेत. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. माझी हयात न्यायालयाच्या कचेरीत गेली. पुराव्याखेरीज बोलण्याची मला सवय नाही. ज्या शहरात दारावरची पाटी घरात कोण राहते हे सांगण्याऐवजी बाहेरच्याने काय करू नये हे सांगते, त्या शहरात या गृहस्थांनी 'येथे वाहन लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल' अशी पाटी माझ्यादेखत वाचली आणि म्हणाले, "किती सरळ माणूस आहे बघा. आधी सांगतोय." दुर्दैवाने असे म्हटले, ते एवढ्यासाठी की व्याह्याशी भांडण्याचा जो हक्क मुलाच्या बापाला परंपरेने मिळालेला असतो, तो मला आजतागायत बजावता आलेला नाही. भांडायला समोरून किमान एक कडक शब्द यावा लागतो.

ते टेलिफोन खात्यात होते. फोनसाठी नाव नोंदवावे, मुलाची मुंज व्हावी, त्याला मिसरूड फुटावी आणि तरी फोन येऊ नये, अशा काळात प्रतीक्षायादीच्या टेबलावर खात्याने त्यांना बसवले होते. लोक तावातावाने येत आणि निमूटपणे परत जात. मीही एकदा गेलो होतो, चांगला तीनपानी अर्ज घेऊन. त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. माझा अर्ज पूर्ण वाचणारा तो माझ्या आयुष्यातला पहिला सरकारी नोकर. वाचून झाल्यावर म्हणाले, "फार मुद्देसूद लिहिलंय आपण. वेळ लागेल, पण येईल." त्यांच्या टेबलावर तेलाच्या जुन्या डब्यात एक रोपटे होते. बदली होऊन गेलेल्या कोणा साहेबाने ते मागे ठेवले होते. पुढे देश खुला झाला, फोन पानाच्या ठेल्यावर मिळू लागले, यादीच उरली नाही, आणि खात्याने त्यांना त्यांच्या स्वेच्छेने निवृत्त केले. निरोपाची शाल त्यांनी शिपायाला दिली आणि डबा मांडीवर घेऊन ते रिक्षाने धायरीला आले. योगायोगाने आमच्याच गृहनिर्माण संस्थेत त्यांनी घर घेतले होते. मी ए इमारतीत, ते बी इमारतीत.

घायपात म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे शेताच्या बांधावरचे, तलवारीसारख्या पात्यांचे, टोकाला दाभणासारखा काटा असलेले झाड येईल. त्याच्या पानांतून दोर काढतात. व्याह्यांची घायपात त्याच कुळातली, पण वागणुकीने निराळी. पाने रुंद, करडट हिरवी, मेण चोळल्यासारखी आणि मऊ. टोकाला काटा नाही, कडेला दाते नाहीत. मधोमध पानांची एक घट्ट सुरळी असते. तिच्यातून एकेक पान सावकाश सुटे होऊन मागे रेलते, आणि सर्वांत खालचे पान वाळून बुंध्याला चिकटून राहते. बुंधा सरळ वाढत नाही. मान कलती करून उजेडाकडे जातो. पायाशी पिले फुटतात. हे सारे इतक्या संथपणे चालते की तेवढ्या अवधीत आमच्या इमारतींना दोनदा रंग लागला आणि दोनदा गळती. आणि ही घायपात जन्मात एकदाच फुलते. कधी फुलेल, हे कोणी सांगू शकत नाही. फुलून झाले की तो शेंडा संपतो. हे त्यांनी कोठेतरी वाचले आणि त्या दिवसापासून त्यांना जगाकडे दुसरे काही मागायचे उरले नाही. डब्यातली ती पहिली घायपात फुललेली पाहायची, एवढेच.

संस्थेच्या कुंपणभिंतीलगत मातीचा एक लांबट पट्टा होता. तेथे त्यांनी तिला लावले आणि पुढे तिची पिले लावत लावत एक ओळच केली. रोज सकाळी ते प्रत्येकीच्या पानाला उपडा हात लावून पाहत, जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतो. झाडूवाली बुंध्यावरची वाळकी पाने ओढून काढू लागली, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे गं, तिचं जुनं लुगडं आहे. थंडीला होतं." वैशाखात दुपारच्या उन्हाने पाने करपतात म्हणून काठीला छत्री बांधून ती थोरलीवर, म्हणजे डब्यातून आलेल्या पहिलीवर, उभी करत, आणि स्वतः बोडक्याने शेजारी उभे राहत. मी खिडकीतून ओरडलो, "अहो, ऊन लागेल! छत्री तुम्ही घ्या!" तर वर पाहून म्हणाले, "मला सावलीत जाता येतं हो." संस्थेच्या आवारात एखादे झाड कलते असणे मला व्यक्तिशः सहन होत नाही. म्हणून मी एकदा बांबू आणि सुतळी घेऊन गेलो. त्यांनी अडवले नाही. "बांधा. पण तिचा स्वभाव आहे तो," इतकेच म्हणाले. पावसाळा संपला तेव्हा बांबूही कलला होता.

आमचे चिरंजीव आणि व्याह्यांची कन्या दोघेही हिंजवडीला संगणकासमोर बसत आणि कंपनीच्या एकाच बसने येत-जात. एवढ्यावरून उभयपक्षी काय ते समजायला हवे होते, समजले नाही. समजले तेव्हा याद्या करायला आम्ही एकत्र बसलो. हुंडा घेणे हा गुन्हा आहे आणि मानपान हे त्याचे धाकटे भावंड आहे असे माझे मत असल्याने मी मसुदा टंकलिखित करूनच नेला होता: कोणीही कोणाला काहीही द्यायचे नाही. त्यांनी तो शांतपणे वाचला, मान डोलावली, आणि पिशवीतून एक कुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. आत बोटभर पिलू.

"हे काय? काही द्यायचं-घ्यायचं नाही असं आत्ताच ठरलं ना?" मी म्हटले.

"बरोबर आहे आपलं. पण हे दिलेलं नाही. वाढवायला ठेवलंय. मुलगीही तशीच ठेवतोय." मग म्हणाले, "पाणी मात्र दोघींना बेताचंच घाला. फार काळजी केली की मुळं कुजतात."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे काही पाहिले की मसुदा मी घडी करून खिशात घातला.

मात्र पिलू घेतलेला माणूस त्यांच्या हातून सुटत नसे. विश्रांतवाडीपासून कात्रजपर्यंत त्यांनी पिले दिली होती, आणि सासरी गेलेल्या मुलीच्या समाचाराला जावे तसे ते बसने प्रत्येकीकडे जात. माझा एक पुतण्या कात्रजला राहतो. एका रविवारी हे त्याच्या दारात उभे. काकांचे व्याही आले म्हणून त्याच्या बायकोची तारांबळ उडाली. तिने शिरा केला, पाटाभोवती रांगोळी काढली, नवऱ्याला नारळ आणायला पिटाळले. हे मात्र सरळ गॅलरीत जाऊन घायपातीपुढे बसले, खुरप्याने माती हलवली, पानाला हात लावला आणि तिला विचारले, "करमतंय ना इथं?" शिरा त्यांनी गॅलरीतच खाल्ला. संध्याकाळी पुतण्याचा मला फोन आला. "काका, एक विचारू? मान नक्की कोणाचा करायचा होता?"

असो. आता मुख्य प्रकरण. आमच्या धायरीत पूर्वी एका इमारतीत एक स्कूटर असे. मग मुलांना संगणकाच्या नोकऱ्या लागल्या, बँका कर्ज घेऊन दारात येऊ लागल्या, आणि बघता बघता एकेका घराला दोन-दोन मोटारी झाल्या. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत आमच्या तरुण अध्यक्षांनी सुचवले की कुंपणालगतचा मातीचा पट्टा उखडून तेथे सिमेंटच्या विटा बसवाव्यात आणि गाड्या लावाव्यात.

"हा विषय विषयपत्रिकेत कोठे आहे?" मी उभा राहून विचारले.

"'आयत्या वेळचे विषय' मध्ये घेतलाय, काका."

"आयत्या वेळी चहाचा कप मागतात, जमीन मागत नाहीत! सभासदांना रीतसर नोटीस नाही, चर्चा नाही! हा ठराव बेकायदेशीर आहे. माझा विरोध इतिवृत्तात शब्दशः नोंदवा!"

"काका, प्रॅक्टिकली बघा ना. पार्किंग हाच रिअल इश्यू आहे. चार झाडांसाठी..."

"नऊ," कोणीतरी मागून म्हणाले. "आणि ती झाडं नाहीत, कोबी आहेत." सभा हसली. मी पुढे बोलणार तोच व्याही हात जोडून उभे राहिले.

"माझी एक विनंती होती. थोरली तेवढी फुलू द्या. ती फुलून गेली की मी स्वतः सगळी ओळ काढीन आणि जागा मोकळी करून देईन. शब्द देतो."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. "कधी फुलेल, काका?"

"ते तिनं अजून कळवलेलं नाही."

"अंदाजे तरी?"

"मी फोन खात्यात होतो हो. मी तारीख सांगत नसतो."

पुन्हा हशा झाला. दिवाळीपर्यंत थांबू, त्यानंतर कंत्राटदार येईल, असे अध्यक्षांनी जाहीर केले आणि टाळ्यांच्या गजरात ठराव संमत झाला. त्याच संध्याकाळी मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे सविस्तर तक्रार पाठवली. उत्तर न आल्याने स्मरणपत्र पाठवले. स्मरणपत्राचे उत्तर न आल्याने त्याबद्दल वेगळी तक्रार पाठवली. व्याह्यांनी तिची प्रत वाचली आणि म्हणाले, "जरा मऊ करता आलं असतं." मी त्यांना सांगितले की मऊपणाचे खाते त्यांच्याकडे राहू द्यावे.

दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी त्यांनी आमची घंटा सतत वाजवली. दार उघडले तर दम लागलेला, पायात चपला नाहीत. "अहो, चला." मला वाटले, विहीणबाईंना काही झाले. खाली जाऊन पाहतो तो थोरलीच्या मधली पाने लहान लहान निघू लागली होती आणि सुरळी फुगली होती. "येतेय," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की धास्ती, याचा निवाडा मला करता आला नाही. या फुलण्याचा शेवट काय, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

दिवाळी झाली. दांडा हातभर वर आला होता, आणि ठरल्याप्रमाणे विटांनी भरलेला ट्रक फाटकात येऊन उभा राहिला. मुकादमाने ओळीकडे बोट केले. "ह्योच कोबी उपटायचा हाय व्हय, सायेब?"

"घायपात आहे ती," व्याही म्हणाले.

"घायपात? मंग काटं कुटं हायेत?"

व्याह्यांनी त्याचा हात धरून पानावरून फिरवला. मुकादमाने हात मागे घेऊन स्वतःच्या तळव्याकडे पाहिले. "आयला! नुसतं रेशीम हाय की."

"काका, सॉरी, पण दिवाळीपर्यंतच ठरलं होतं," अध्यक्ष म्हणाले. व्याही दांड्याकडे पाहत उभे राहिले, आणि अंगात बनियन असलेला तो माणूस मला एकाएकी फार म्हातारा दिसला.

न्यायदेवता आंधळी असली तरी टपालखाते त्या आठवड्यात डोळस होते. उपनिबंधकांचे पत्र मला आदल्याच दिवशी मिळाले होते. नोटीस न देता आयत्या वेळी घेतलेल्या या ठरावाची अंमलबजावणी करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते मी ट्रकच्या पुढ्यात उभा राहून, जावक क्रमांकापासून सहीपर्यंत, मोठ्याने वाचले. एवढे समाधान मला मुलाच्या लग्नातही लाभले नव्हते. ट्रक मागे वळला. आणि आमचे व्याही काय करीत होते? मुकादमाला आणि अध्यक्षांना "फुकट खेप पडली तुम्हाला" म्हणत चहाला वर नेत होते.

यानंतर त्यांनी सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'घायपात फुलत आहे. सर्वांनी पाहावयास यावे.' पुण्यात फुलण्याचे आमंत्रण म्हणजे ब्रह्मकमळ, हे ठरलेले. ते एका रात्रीत उमलते, शेजारीपाजारी जमतात, हळदकुंकू वाहतात, फोटो काढतात, मसाला दूध पितात. त्याच रीतीने संध्याकाळी तिन्ही इमारतींतल्या बायका जरीच्या साड्या नेसून, तबके घेऊन खाली उतरल्या. सतरंजी अंथरली गेली. कोणी आटीव दूध आणले. समोर हिरव्या सोट्यासारखा एक दांडा.

बराच वेळ गेल्यावर एका आजींनी विचारले, "अहो, नक्की किती वाजता उमलते?"

"साधारण पौषात सुरुवात होईल," व्याही आदराने म्हणाले. "माघाच्या अखेरीपर्यंत चालेल."

मग ज्यांनी दूध आणले होते त्यांनी ते वाटले, कारण वाटल्याशिवाय ते उरले असते. पण मी नोंद करू इच्छितो की त्या दिवसापासून लोक थांबू लागले. दांडा पुरुषभर उंच झाला, मग आपल्याच भाराने कमान करून खाली झुकला आणि टोकाशी पुन्हा जरा वर उचलला गेला, कोल्ह्याच्या शेपटीसारखा. पौषात बुडापासून फुले उमलू लागली, पिवळट हिरवी, शेकड्यांनी. रोज थोडी, टोकाकडे सरकत. मधमाश्या आल्या. व्याही प्लास्टिकची खुर्ची टाकून सकाळ-संध्याकाळ बसत. कोणाला काही समजावून सांगत नसत. अध्यक्षसुद्धा कचेरीला जाताना गाडीची किल्ली हातात घेऊन घटकाभर उभे राहत. "काका, इट्स समथिंग," एवढेच म्हणत, आणि इंग्रजीतले हे वाक्य अर्धवट आहे हे मी त्यांना त्या महिन्यात सांगितले नाही.

माघ सरला. फुले गेली. थोरलीची पाने सैल पडून पिवळी होऊ लागली. मी व्याह्यांना घरी बोलावून परिस्थिती समजावून दिली. ठराव रद्दबातल आहे, नवा ठराव आलाच तर मी तोही हाणून पाडीन, तेव्हा उरलेल्या ओळीला या जन्मी कोणी हात लावू शकत नाही.

"आपण फार केलंत," ते म्हणाले. "उद्या कुदळ मिळेल का आपल्याकडची?"

"कुदळ कशाला?"

"जागा मोकळी करायची आहे ना. शब्द दिला होता."

"अहो, तो शब्द कोणत्या ठरावाच्या संदर्भात दिला होता? ठरावच अवैध आहे!"

"ठराव अवैध असेल. शब्द कसा अवैध होईल?"

मी कायदा सांगितला. आवाज चढवला. आपण जिंकलो आहोत, जिंकलेला माणूस काही सोडत नसतो, असे टेबलावर हात आपटून सांगितले. "तुम्ही असे मऊ म्हणूनच लोक तुम्हाला उपटतात!" हेही बोलून गेलो. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी मागितलं तेवढं मला मिळालं हो. त्यांचंही त्यांना मिळू दे." दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरलीपासून सुरुवात केली. तिची मुळे आश्चर्य वाटावे इतकी उथळ होती. ओळीतल्या बाकीच्या त्यांनी कुंड्यांत घालून एकेका मोटारवाल्याच्या दारात नेऊन ठेवल्या. पुढच्या सभेत अध्यक्षांनी रीतसर नोटीस देऊन ठराव मांडला, आणि विरोधाला मी उभा राहिलो नाही. विटा बसल्या. गाड्या पांढऱ्या रेषांच्या आत लागल्या, हे मान्य करावे लागेल.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे अशी रीत आहे. लग्नानंतर कंपनीने चिरंजीव आणि सूनबाई दोघांनाही कॅलिफोर्नियात पाठवले असल्यामुळे माहेरच विमानात बसून तिकडे गेले. व्याह्यांना जाऊन काही दिवस झाले असतील. सकाळी मी चहा घेत असताना मोबाइल वाजला. पलीकडे ते होते. मुलगा गाडी चालवत होता, तिकडे दुपार कलली होती.

"अहो, इथं ती सगळीकडे आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"आपली घायपात. बँकेच्या दारात आहे, पेट्रोल पंपावर आहे. आत्ता आम्ही ज्या रस्त्यानं चाललोय त्याच्या दुभाजकावर मैलभर आहे, आणि सगळ्या एकदम फुलल्यात. एवढ्या कमानी!" मग त्यांचा आवाज खाली आला. "पण कोणी बघत नाही हो. एक गाडी थांबत नाही. मी जावईबापूंना म्हटलं, जरा थांबवा. ते म्हणतात, इथं थांबणं कायद्यानं गुन्हा आहे. मग म्हटलं, आपल्यालाच विचारावं. कायदा आपल्याला कळतो."

वाहतुकीच्या नियमांविषयी मी आजवर किती पत्रे लिहिली आहेत, हे पुण्यातल्या सर्व वृत्तपत्रांच्या संपादकांना ठाऊक आहे. मी कप खाली ठेवला आणि म्हटले, "मुलाला फोन द्या."

"बाबा, इथे खरंच अलाउड नाही," चिरंजीव म्हणाले. "दंडाचं तिकीट मिळेल मला."

"थांबव," मी म्हणालो.

दाराचा आवाज झाला. त्यानंतर बराच वेळ फोनमधून भरधाव जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येत राहिले, आणि मी फोन कानाला लावून तसाच बसून होतो.